सहा परमनंट वायू

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं ते चित्र तुम्हाला आठवत असेलच. तीन चौकोन शेजारी शेजारी. पहिल्यात ठिपके अगदी खेटून, रांगेत उभे: स्थायू. दुसऱ्यात जरा सैल, सांडल्यासारखे: द्रव. तिसऱ्यात चार-सहाच ठिपके, इकडेतिकडे उधळलेले: वायू. उष्णता दिली की डावीकडून उजवीकडे जायचं, काढून घेतली की उलट. दोन मार्कांचा प्रश्न. मीही ती आकृती काढली, तुम्हीही काढली असेल, आणि आपण पुढच्या धड्याकडे वळलो.

आता जरा थांबून बघा. त्या चित्रात दोन गोष्टी गुपचूप गृहीत धरल्या आहेत. एक, ठिपके खरोखर आहेत. दोन, ठिपके एकमेकांना ओढतात (नाहीतर ते एकत्र येतीलच कशाला?). या दोन्हीवर एकोणिसावं शतक संपेपर्यंत भल्याभल्यांचं एकमत नव्हतं. आणि चित्रातला तो उलटा बाण, म्हणजे वायू थंड केला, दाबला की त्याचा द्रव होतो, तो तर सहा वायूंच्या बाबतीत चक्क खोटा ठरला होता. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. यांना नावच पडलं होतं 'परमनंट गॅसेस'. सरकारी नोकरीत परमनंट झालेल्या माणसासारखे, काही केल्या जागचे हलायचे नाहीत. गेले दोन-तीन विकांत मी या सहा जणांच्या मागे होतो, त्याची ही हकीकत.

सुरुवात १८२३ सालची, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधली. मायकेल फॅरेडे तेव्हा हम्फ्री डेव्हीचा मदतनीस होता. क्लोरीन आणि पाणी यांचे बर्फासारखे स्फटिक होतात, ते बंद नळीत तापवून बघ, असं डेव्हीने त्याला सुचवलं. फॅरेडेने तापवले, तर नळीत तेलकट काहीतरी जमलं. नेमके तेव्हाच डेव्हीचे स्नेही डॉक्टर पॅरिस तिथे डोकावले आणि 'काय रे, घाणेरड्या नळ्या वापरतोस' अशा सुरात त्यांनी त्याला टोकलं. फॅरेडेने नळी कानशीने कापायला घेतली, ती फाडकन फुटली आणि तेल गायब! दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिसना त्याची दोन ओळींची चिठ्ठी गेली, की काल तुम्ही पाहिलेलं तेल म्हणजे द्रव क्लोरीन होतं.

झालं असं होतं, की कोंडलेल्या क्लोरीनने स्वतःच्याच दाबाने स्वतःला द्रव केलं होतं. फॅरेडेने मग ती युक्ती पद्धतशीर वापरली. वाकडी काचेची नळी, एक टोक तापवायचं, दुसरं बर्फात. एकामागून एक वायू पाझरू लागले. नळ्याही फुटत होत्या. एका स्फोटात त्याच्या डोळ्यांत काचेचे तेरा तुकडे गेले. डोळे वाचले, हे आपलं सगळ्यांचं नशीब, कारण विजेचं ते सगळं काम त्याने पुढे केलं. १८४५ मध्ये तो पुन्हा या विषयाकडे वळला, तोवर त्याच्या हाती घन कार्बन डायऑक्साइड आणि ईथर यांचं थंडगार मिश्रण होतं. त्यात उणे ११० अंशांपर्यंत मजल मारून त्याने जवळपास सगळे ओळखीचे वायू गार केले. उरले ते वरचे सहा.

हा घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आजचा ड्राय आइस, पॅरिसमध्ये तिलोरिए नावाच्या गृहस्थाने १८३५ च्या सुमारास पहिल्यांदा बनवला होता. त्याचं यंत्र म्हणजे जाड लोखंडी पिंप. १८४० मध्ये तसंच एक पिंप फुटलं आणि एर्वी नावाचा एक मदतनीस जिवानिशी गेला. पुस्तकातल्या त्या बाणासाठी गेलेला हा पहिला बळी असावा. शेवटचा नव्हता.

त्या सहा जणांना नमवायला मग सगळ्यांनी एकच उपाय धरला. दाब. कार्यक्रम चालत नाही ना, मग रॅम वाढवा, अशातला प्रकार :-) एमे नावाच्या फ्रेंच माणसाने १८४३ मध्ये ऑक्सिजन आणि नायट्रोजन भरलेल्या नळ्या समुद्रात खोल सोडल्या. व्हिएन्नाचा डॉक्टर नाटरर तर सुमारे २,८०० ॲटमॉस्फियर दाबापर्यंत पोहोचला. वायू कुठेच हलले नाहीत.

खरं तर उत्तराचा पहिला धागा फॅरेडेच्याही आधी, १८२२ मध्ये सापडला होता, पण त्याचं महत्त्व कुणाला उमगलं नव्हतं. कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसाने बंदुकीच्या जाड नळीत अल्कोहोल आणि गारगोटीचा एक गोळा घातला, तोंड बंद केलं आणि नळी तापवत ठेवली. नळी हलवली की गोळा द्रवातून जाताना डुबुक असा आवाज यायचा. तापमान वाढत वाढत एका जागी पोहोचलं आणि डुबुक बंद! गोळा आत आहे, अल्कोहोल आत आहे, नळी बंद आहे, दाबही भरपूर आहे, पण द्रव म्हणून काही उरलंच नाही. लोखंडाच्या आतलं दिसत नाही म्हणून माणूस कान लावून बसला. मला हा प्रयोग या सगळ्या कथेत सर्वांत जास्त आवडतो.

याचा नीट छडा लावला बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने. त्याने एकच वायू धरला, कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्यावर बरीच वर्षं घालवली. बारीक जाड काचेची नळी, त्यात वायू, खालून पाऱ्याचा दाब, बाहेरून पाण्याने तापमान स्थिर. ३१ अंशांच्या खाली दाब दिला की नळीत द्रव दिसायचा, वर वायू, मध्ये स्वच्छ रेघ. तापमान वाढवत नेलं की ती रेघ पुसट होत जायची. ३१ च्या किंचित वर (त्याचा आकडा ३०.९२) रेघच नाही. मग कितीही दाबा, वायू दाट होत जाईल, अगदी द्रवाइतका दाट होईल, पण रेघ उमटणार नाही. या तापमानाला त्याने 'क्रिटिकल पॉइंट' म्हटलं, आणि १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे सगळं मांडलं.

प्रत्येक पदार्थाचा हा आकडा वेगळा. त्याच्या वर असताना नुसत्या दाबाचा उपयोग शून्य. नाटरर २,८०० वर गेला काय आणि २८,००० वर गेला काय, ऑक्सिजनचा क्रिटिकल पॉइंट उणे ११९ अंशांना आहे आणि हा बसलाय व्हिएन्नातल्या खोलीत.

हे फार लांबचं वाटत असेल तर घरात या. स्वयंपाकघरातलं सिलिंडर हलवलं की आत डुचमळतं. ते द्रव आहे, कारण प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे क्रिटिकल पॉइंट ९७ आणि १५२ अंश, म्हणजे नागपूरच्या मे महिन्याच्याही कितीतरी वर. साध्या पाच-सातपट दाबात काम भागतं. आणि रिक्षातला सीएनजी? तो मिथेन, आपल्या सहा परमनंटांपैकी एक. त्याचा क्रिटिकल पॉइंट उणे ८२. म्हणून रिक्षाच्या सिलिंडरमध्ये तो २०० पट दाबून कोंबलेला असतो, तरी वायूच. म्हणून ते सिलिंडर इतकं जाड आणि जड, आणि म्हणून रिक्षावाले काका सारखे पंपाच्या रांगेत. अजून एक. आमच्या ऑफिसात जिन्यापाशी काळा भोंगा लावलेलं लाल नळकांडं टांगलेलं असतं, आग विझवायचं. त्यात कार्बन डायऑक्साइड. सकाळी एसीत त्यात द्रव असतो. एप्रिलमध्ये एसी बंद पडून ३५ अंश झाले की द्रव नाही. कुणी हात न लावता अँड्र्यूजचा प्रयोग आपोआप होतो आणि आपण खाली चहाला गेलेलो असतो.

पण अँड्र्यूजने शाळेतल्या चित्राला एक मोठं भोकही पाडलं. वायू आधी ३१ च्या वर तापवा, मग दाबून दाट करा, मग थंड करा. नळीत शेवटी द्रव आहे. पण वाटेत कुठेही रेघ उमटली नाही. कुठल्या क्षणी वायूचा द्रव झाला? असा क्षणच नाही. आपण कोड लिहिताना 'स्टेट' साठी तीन किमतींचा एनम ठेवतो, स्थायू-द्रव-वायू. निसर्गाने द्रव आणि वायू यांच्यामध्ये मागच्या दाराने जायला सलग रस्ता ठेवलाय. याचा अर्थ एकच होऊ शकतो, की आतली वस्तू तीच आहे.

इथे माझा या कथेतला हीरो येतो. योहानेस व्हॅन डर वाल्स. हॉलंडमधल्या लायडन गावच्या सुताराचा मुलगा, दहा भावंडांत थोरला. लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या शाळेत जायची ऐपत नव्हती, आणि त्या भाषांशिवाय विद्यापीठाची परीक्षा देता येत नसे. त्यामुळे तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला, मग पुढच्या परीक्षा देत देत हायस्कूलवर गेला, फावल्या वेळात विद्यापीठात जाऊन भौतिकशास्त्राची व्याख्यानं ऐकली. कायद्यातली ती भाषांची अट सैल झाली तेव्हा कुठे त्याला डॉक्टरेट करता आली. १८७३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. प्रबंधाचं नावच 'वायू आणि द्रव अवस्थांचं सातत्य' अशा अर्थाचं.

त्याने केलं ते इतकं साधं आहे की बघितल्यावर वाटतं, अरे हे तर मलाही सुचलं असतं (नसतं सुचलं). आपण बारावीला जो आदर्श वायू शिकतो, दाब गुणिले आकारमान वगैरे, त्यातले ठिपके बिंदू असतात. त्यांना आकार नाही, आणि एकमेकांशी देणंघेणं नाही. असला वायू कितीही थंड करा, द्रव होणारच नाही, कारण कुणी कुणाला धरून राहायचं कारणच नाही. व्हॅन डर वाल्सने दोन दुरुस्त्या केल्या. पहिली: ठिपक्यांना आकार आहे, ते जागा अडवतात. दादर-विरार फास्टचा डबा बाहेरून तेवढाच असतो, पण आत तुम्हाला हलायला मिळणारी जागा म्हणजे डबा वजा बाकीची माणसं. तेवढी वजाबाकी करा. दुसरी: ठिपके एकमेकांना थोडं ओढतात. भिंतीवर आपटायला निघालेल्या ठिपक्याला मागचे आत खेचतात, म्हणून भिंतीला जाणवणारा दाब थोडा कमी भरतो. तेवढी भर घाला. प्रत्येक वायूसाठी दोनच आकडे, एक आकाराचा, एक ओढीचा.

आणि या दोन आकड्यांतून अँड्र्यूजचा क्रिटिकल पॉइंट गणिताने बाहेर पडतो! रेघ का पुसते, मागचं दार कुठे आहे, सगळं त्याच एका समीकरणात. शिवाय हे दोन आकडे वायू वायूच असताना, थंड करण्याआधीच, मोजता येतात. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा होता. तोवर लोक अंधारात दाबत होते. आता जो वायू कुणी कधी द्रव केलेला नाही, तो किती थंड करावा लागेल हे आधीच कागदावर काढता येणार होतं. 'परमनंट' हा शब्द तिथेच निकालात निघाला, वायू एकही अजून हातात आलेला नसताना.

मॅक्सवेलने १८७४ मध्ये 'नेचर' मध्ये या प्रबंधाचं परीक्षण लिहिलं, चुका काढल्या, आणि वर म्हणाला की या कामामुळे काही लोक डच भाषा शिकायला लागले आहेत.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे समीकरण फक्त त्याच माणसाला सुचू शकत होतं, जो ठिपके खरे मानतो. सोयीचं चित्र म्हणून नाही, खरोखर जागा अडवणारी वस्तू म्हणून. त्या काळात हे धाडस होतं. व्हिएन्नात अर्न्स्ट माख अणूबद्दल बोलणाऱ्यांना, तुम्ही एखादा पाहिलाय का, असं विचारायचा. विल्हेल्म ओस्टवाल्ड म्हणायचा सगळं ऊर्जेने समजावता येतं, ठिपके हवेत कशाला. बोल्ट्झमन या दोघांशी आयुष्यभर भांडला. व्हॅन डर वाल्स भांडणात फारसा पडला नाही. पुढे १९१० मध्ये नोबेल घेताना मात्र त्याने स्पष्ट सांगितलं की रेणू आपल्याला कधीच नुसती कल्पना वाटले नाहीत.

आता सहा जणांची विकेट पडायला वेळ लागला नाही. डिसेंबर १८७७. फ्रान्समधल्या लोखंडाच्या कारखान्याचा मालक कायते याने ऑक्सिजन ३०० पट दाबला, उणे २९ पर्यंत गार केला आणि दाब एकदम सोडून दिला. सायकलच्या पंपाने हवा दाबताना पंप तापतो ना, त्याच्या बरोबर उलट. नळीत क्षणभर धुकं दिसलं. जिनीव्हाहून पिक्ते यानेही त्याच महिन्यात ऑक्सिजन जिंकल्याची तार केली, आणि २४ डिसेंबरला पॅरिसच्या अकादमीत दोघांची कामं एकाच बैठकीत वाचली गेली. पण धुकं ते धुकंच. भांड्यात शांत पडून उकळणारा, डोळ्यांनी बघता येणारा द्रव ऑक्सिजन एप्रिल १८८३ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव्हला मिळाला, व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांना. फिकट निळा. लगेच आठवड्याभरात नायट्रोजन. मग दोघांचं बिनसलं, आणि एकाच विद्यापीठात दोघं वेगवेगळे काम करू लागले.

आता खरा कठीण राहिला हायड्रोजन. व्रुब्लेव्स्कीने व्हॅन डर वाल्सच्या वाटेने त्याचा क्रिटिकल पॉइंट कागदावर काढला: उणे २४० अंश. १८८८ मध्ये रात्री काम करताना प्रयोगशाळेत रॉकेलचा दिवा कलंडला आणि भाजून त्याचा मृत्यू झाला. हिशोब मरणोत्तर छापला गेला. आजचा मोजलेला आकडाही उणे २४० च आहे. हायड्रोजन न बघता.

१० मे १८९८ ला लंडनमध्ये जेम्स ड्यूअरने वीस घनसेंटीमीटर द्रव हायड्रोजन गोळा केला. (आपला थर्मास यानेच शोधला, १८९२ मध्ये, या द्रवांसाठी. पेटंट घेतलं नाही, पैसा दुसऱ्यांनी कमावला.) ड्यूअरला वाटलं, संपलं. पण नव्हतं संपलं, कारण मधल्या काळात एक सातवा वायू आला होता. हीलियम.

इथे थोडं विषयांतर, कारण यात कोकण आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून बऱ्याच जणांनी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ पाहिली. जानसेन तेव्हा गुंटूरला होता. नॉर्मन लॉकियरने त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, ती पाहिली आणि पुढे या रेघेमागच्या अनोळखी मूलद्रव्याला हीलियम नाव पडलं. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, आणि साहेबाने हीलियम इथेच शोधला असं तिथे अभिमानाने सांगतात, १८ ऑगस्टला कार्यक्रमही होतो. लॉकियर साहेब विजयदुर्गला आले होते हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. आणि तोवर रॅम्झेला १८९५ मध्ये हीलियम पृथ्वीवर, एका खनिजात सापडलाही होता. योगायोग असा की विजयदुर्गच्या ग्रहणानंतर चारच महिन्यांनी ड्यूअरचा हायड्रोजन आला. असो. ओटे जरूर बघा, जागा सुंदर आहे.

ड्यूअर हीलियमच्या मागे लागला, पण त्याच्या हीलियममध्ये निऑन मिसळलेला होता, तो गोठून नळ्या तुंबायच्या. शुद्ध हीलियमची माहिती होती रॅम्झेकडे, आणि या दोघांचा छत्तीसचा आकडा. मदत मागायचा प्रश्नच नव्हता.

लायडनला कामरलिंग ओनेस उलट स्वभावाचा. व्हॅन डर वाल्सचा मित्र. १८८२ पासून त्याने एक कारखानाच उभारला होता, काच फुंकणारे आणि यंत्रं बनवणारे कारागीर शिकवून तयार केले होते. मध्ये नगरपालिकेने काम बंद पाडलं, १८९५ ते ९८, कारण १८०७ मध्ये लायडनला दारूगोळ्याचं जहाज फुटून गाव उद्ध्वस्त झालं होतं आणि प्रयोगशाळा नेमकी त्याच जागेवर. ड्यूअरने, प्रतिस्पर्धी असून, त्याच्या बाजूने पत्र लिहिलं.

ओनेसने आधी द्रव करायचा प्रयत्न केला नाही. आधी मोजलं. हीलियमचे ते दोन आकडे, आकार आणि ओढ. हिशोब निघाला: क्रिटिकल पॉइंट शून्याच्या, म्हणजे उणे २७३ च्या, पाचेक अंश वर. ओढ फारच कमी, पण आहे. म्हणजे होणार.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू. दुपारी दीडपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार. साडेचारच्या आसपास हीलियम फिरवायला सुरुवात. तापमान उतरत उतरत एका जागी अडकलं आणि संध्याकाळी साडेसात झाले तरी भांड्यात काही दिसेना. हायड्रोजन संपत आलेला. तेवढ्यात डोकावायला आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक श्रायनेमाकर्स म्हणाले, तापमापी हलत नाहीये ती द्रवात बुडालीय म्हणून तर नसेल? खालून दिवा धरला. पृष्ठभागाची बारीक कड चमकली. भांडं जवळजवळ भरलेलं होतं, साठ घनसेंटीमीटर. हीलियम इतका पारदर्शक की कुणाला दिसलाच नव्हता. तापमान ४.२५ केल्विन. क्रिटिकल पॉइंटचा आजचा मोजलेला आकडा ५.२.

ओनेसने तो द्रव पुढे आपल्या मित्राला स्वतः दाखवला. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी त्या भांड्यात काय पाहिलं असेल! त्याच सुमारास पॅरिसमध्ये पेरँ पाण्यातले राळेचे कण मोजून ठिपक्यांची संख्या काढत होता, आणि १९०९ मध्ये ओस्टवाल्डने हार मानली. बोल्ट्झमनने तीन वर्षं आधी आत्महत्या केली होती.

राहिला शेवटचा बाण, द्रवाकडून स्थायूकडे. ओनेसने त्याच रात्री हीलियमवरची हवा उपसून तो गोठवून पाहिला. गोठला नाही. पुढची अनेक वर्षं मोठमोठे पंप लावले, एका केल्विनच्याही खाली गेला, नाही गोठला. फेब्रुवारी १९२६ मध्ये ओनेस वारला. त्याच उन्हाळ्यात त्याच प्रयोगशाळेत केसॉमने हीलियम घन केला, आणि तो थंडीने नाही, दाबाने. सुमारे २५ ॲटमॉस्फियर. इतके हलके ठिपके, की अगदी शून्याशीही ते स्वस्थ उभे राहत नाहीत आणि एवढीशी ओढ त्यांना रांगेत बसवू शकत नाही. बाहेरून कुणीतरी दाबावं लागतं. व्हॅन डर वाल्सच्या दोन आकड्यांत हे कुठेच नव्हतं, त्याला क्वांटम लागतो. तो पुढच्या एखाद्या विकांताला.